आत कोणी नाही

कुरखेड्यातल्या एका वॉर्डाच्या बुद्धविहाराला यंदा दोन कुलपं होती. वरचं पितळेचं, भैयाजी रामटेक्यांचं. खालचं स्टीलचं, अश्वजित मेश्रामचं.

भैयाजी वनखात्यातून निवृत्त झालेले. चौदा वर्षं विहार समितीचे अध्यक्ष. अश्वजितचं बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान. जानेवारीच्या सभेत तो उभा राहिला आणि म्हणाला, "समितीत एकबी बाई काऊन नाई?"

"पुढच्या वर्षी पाहू," भैयाजी म्हणाले. हे ते पाचव्या वर्षी म्हणत होते.

अश्वजित अकरा जणांना घेऊन बाहेर पडला आणि त्यानं दुसरी समिती काढली. त्या समितीतही अकराच्या अकरा पुरुषच होते. वॉर्डातल्या हर्षानं त्याला तसं विचारलं, तेव्हा तो गंभीरपणे म्हणाला, "वहिनी, पहिले समिती मजबूत तं होऊ द्या."

दोन समित्या झाल्या, पण विहार एकच. एका रात्रीत कुलपंही दोन झाली. बुद्धपौर्णिमा जवळ आली तशी प्रकरण हातघाईवर गेलं. शेवटी ठाणेदारानं दोघांना बोलावून लिहून घेतलं : दोन्ही कुलपं एकाच वेळी उघडायची, एकाच वेळी लावायची, आणि दुसऱ्याच्या कुलपाला जो हात लावील त्याच्यावर गुन्हा.

पौर्णिमेच्या दिवशी सकाळी सहाला ठरल्याप्रमाणे दोन्ही कुलपं निघाली. रुखमाबाई झाडू घेऊन आत गेली. एकोणीस वर्षं विहार तीच झाडत होती. नवरा गेल्यावर तिनं हे काम आपणहून धरलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे कोणी थांब असंही म्हटलं नव्हतं. हर्षा तिची सून.

सव्वासातला एक नवीनच पेच निघाला. भंतेजी नऊला येणार होते, आणि अश्वजित त्यांना आणायला वडशाच्या स्टेशनावर निघाला होता. तो गेल्यावर भैयाजींची माणसं पुढच्या सतरंज्या अडवून बसतील, असं त्याच्या माणसांना वाटलं. अश्वजितचीच माणसं आधी बसतील, असं भैयाजींना वाटलं.

"नऊपर्यंत बंद ठेवू," भैयाजी म्हणाले.

"ठेवा. मले चालते," अश्वजित म्हणाला.

भैयाजींनी दारातून डोकावून विचारलं, "आत कोनी हाये का?"

अश्वजितनं दुसऱ्या बाजूनं मान घातली. "कोनी नाई."

"कोनी नाई," भैयाजींनीही खात्री दिली. दोन्ही कुलपं एकदम लागली. अश्वजित किल्ली खिशात टाकून गाडीत बसला.

रुखमाबाई त्या वेळी मूर्तीमागच्या सामानाच्या खोलीत होती. टेबलावर घालायचं पांढरं कापड घड्यांतून काढत होती. दोघांचंही बोलणं तिनं ऐकलं. "अजी, मी हाये ना!" म्हणत ती बाहेर आली, तेवढ्यात मांडवातल्या भोंग्यांनी भीमगीतं सुरू केली. तिनं दार ठोकलं. मूठ दुखेपर्यंत ठोकलं. बाहेर पोरं गाण्यावर ताल धरत होती.

साडेआठला वीज गेली. गाणी बंद झाली, आणि मांडवाला एकदम विहाराच्या दारावरची थाप ऐकू आली.

पहिली धावली ती हर्षा. खिडकीच्या गजांतून तिनं पाहिलं. "आई! तुमी आत कशा?"

"झाडून राह्यली होती. पंखा बंद पडला वं. पानी दे."

मे महिना. वर टिनाचं छप्पर, आणि खिडकी एकच, तीही डासांच्या जाळीची. साडेआठलाच बाहेर सावलीत उभं राहवत नव्हतं. हर्षा भैयाजींकडे धावली. भैयाजींनी लगेच किल्ली काढली आणि पायऱ्या चढले. किल्ली कुलपात जाणार, तोच त्यांच्या बाजूचा एक जण कानाशी लागला.

"भैयाजी, तुमी आपलं कुलूप काढलं अन् त्यायचं तसंच राह्यलं, तं दारावर कुलूप कोनाचं? त्यायचं. म्हंजे विहार कोनाच्या ताब्यात गेला?"

भैयाजींचा हात थांबला. वनखात्यात तीस वर्षं ताबा याच शब्दावर गेली होती.

"आन् माही सासू कोनाच्या ताब्यात हाये?" हर्षा ओरडली. "तिचं सांगा ना पहिले!"

"बाई, लेखी ठरलं हाये. एकाच वेळी उघडाचं," भैयाजी म्हणाले, पण आवाज पडला होता.

हर्षानं अश्वजितला फोन लावला. तो वडशाच्या फलाटावर होता. गाडी तासभर उशिरा.

"काय म्हनता? आत?" त्याचा आवाज चिरकला. "मी येतो... पन भंतेजी उतरले अन् कोनीच नाई दिसलं तं? वहिनी, तोडा कुलूप!"

"कोनतं?"



"त्यायचं तोडलं तं गुन्हा," तो म्हणाला. "आपलं तोडलं तं..." आणि फोन कटला.

पोचू वेल्डरला बोलावलं. तो कटर घेऊन आला, दाराकडे पाहिलं आणि विचारलं, "कोनतं कापू?" वरचं म्हणायला भैयाजींची माणसं तयार नव्हती, खालचं म्हणायला अश्वजितची. "मंग मले लिहून द्या," पोचू म्हणाला. लिहून द्यायला कोणीच पुढे येईना. अर्ध्या तासाच्या वादानंतर एका म्हातारीनं विचारलं, की लाइन नसताना हे मशीन चालते का. पोचूनं कटरकडे पाहिलं. ते चालत नव्हतं.

हर्षा तोवर घरी जाऊन विळा घेऊन आली होती. तिनं खिडकीची जाळी उभी फाडली आणि गजांतून पाण्याची बाटली आत सरकवली, मग ओला दुपट्टा. जाळी कोणत्याच समितीची नव्हती, त्यामुळे कोणी हरकत घेतली नाही. रुखमाबाईनं अर्धं पाणी प्यायलं, अर्धं डोक्यावर ओतलं. पण तिचा चेहरा लाल झाला होता, आणि बोलणं कमी होत चाललं होतं.

"आई, बोलत राहा ना."

"बसते जरा," रुखमाबाई म्हणाली आणि खिडकीतून दिसेनाशी झाली.

दहाला अश्वजितची गाडी धुरळा उडवत आली. भंतेजींना दार उघडून देण्याचंही भान त्याला राहिलं नाही. किल्ली हातात धरून तो पळतच पायऱ्या चढला. भैयाजी आधीच वरच्या कुलपाशी उभे होते. त्यांचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. दोन्ही कुलपं एकदम निघाली. दोघांनी मिळून दार ढकललं.

दार उघडलं नाही.

पुन्हा ढकललं. हललंसुद्धा नाही. आतून आवाज नाही. मांडवातली दीड-दोनशे माणसं पायऱ्यांपाशी धावली.

"आई!" हर्षानं दारावर दोन्ही हात आपटले. "आई, ओ द्या!"

भैयाजी हातातल्या किल्लीकडे बघत मागे सरले. "माह्यापाशी किल्ली होती," ते स्वतःशीच म्हणाले. "साडेआठलेच होती." अश्वजित खांद्यानं दाराला धडका देत होता आणि प्रत्येक धडकेला "बाई! बाई!" म्हणत होता.

"दार मोडन ना लेका," आतून आवाज आला. "कडी लावली हाये म्या."

"कडी? काऊन बाई?"

"तुमीच म्हनलं ना, आत कोनी नाई? दोघायच्याबी तोंडून ऐकलं म्या. मंग आता उघडन कोन?"

  अश्वजितनं दाराला लावलेला खांदा काढला.

भंतेजी पायऱ्यांपाशी आले. कोणीतरी त्यांच्यासाठी खुर्ची आणली. ती बाजूला सारून ते उंबऱ्याबाहेर जमिनीवरच बसले. "रुखमाबाई," त्यांनी विचारलं, "तब्येत बरी आहे ना? वंदना घ्यायची का?"

"घ्या जी भंतेजी. तुमी बाहेरून म्हना, मी आतून म्हनते."

ते बसले म्हटल्यावर सगळ्यांना बसावं लागलं, जो जिथे होता तिथेच, उन्हात आणि सावलीत. कोण पुढे आणि कोण मागे हे ठरवायला वेळच मिळाला नाही. बाहेरून दोनशे माणसांचं त्रिसरण झालं, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी दारापलीकडून एका बाईचा आवाज थोडा उशिरा येत राहिला. पंचशील झालं आणि कडी निघाली.

रुखमाबाई दारात उभी राहिली. डोक्यावर ओला दुपट्टा, हातात ते पांढरं कापड.

"दोनीबी कुलपं घरी न्या आपापली," ती म्हणाली. "उद्यापासून एक कुलूप. किल्ली माह्यापाशी."

भंतेजी समोर बसले होते. दोन्ही समित्यांनी माना डोलावल्या.

जूनभर हे बरं चाललं. विहार सकाळी सहाला उघडे, रात्री आठला बंद होई. दोन्ही समित्या मात्र होत्या तशाच राहिल्या. दोन कोपऱ्यांत दोन सभा भरत. जुलैत रुखमाबाईची लेक नंदिनी भामरागडला बाळंत होणार होती. चार दिवसांसाठी म्हणून रुखमाबाई एसटीत बसली. ती गेली आणि पर्लकोटा नदीला पूर आला. पूल पाण्याखाली, रस्ता बंद, मोबाइलची रेंज गायब.

दोन दिवसांवर आषाढी पौर्णिमा होती. त्या दिवशी वर्षावासाचं तीन महिन्यांचं ग्रंथवाचन सुरू व्हायचं. पौर्णिमेला दोन्ही समित्यांची माणसं पुस्तकं घेऊन विहारापाशी आली आणि दाराकडे बघत उभी राहिली.

"किल्ली?" भैयाजींनी विचारलं.

"आईच्या कमरेले राह्यली," हर्षा म्हणाली. "आई भामरागडले."

कुलूप तोडावं, हा विचार दोघांच्याही मनात आला असावा. दोघांनीही तो बोलून दाखवला नाही. आभाळ धो-धो कोसळत होतं. विहाराच्या ओसरीत जेमतेम वीस माणसं मावत होती. अश्वजितनं दुकानावरची ताडपत्री आणून पुढे बांधली. भैयाजींनी घरचा बांबू दिला. मग सगळे गुडघ्याला गुडघा लावून बसले, कारण दुसरं कसं बसताच येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. दोन समित्यांनी दोन वेगवेगळी पानं एकाच ताडपत्रीखाली वाचून पाहिली. कोणालाच काही कळलं नाही. चौथ्या दिवसापासून एकच जण वाचू लागला. पाचव्या दिवशी भैयाजींच्या घरून चहा आला, तो अश्वजितच्या माणसांनाही द्यावाच लागला, कारण मध्ये बोटभर जागा नव्हती. आठव्या दिवशी ताडपत्रीतून दोघांच्या मध्ये धार लागली, तसा अश्वजित भैयाजींकडे सरकला आणि म्हणाला, "एकच समिती ठेवली तं नाई चालणार का जी?"

चालणार होतं. अडलं ते अध्यक्षावर. भैयाजी चालणार नाहीत, असं अकरा जण म्हणाले. अश्वजित चालणार नाही, असं दुसरे अकरा म्हणाले.

"आईचं नाव लिहा," हर्षा मागून म्हणाली. "आन् माहं सचिवात."

बावीस माणसं विचार करू लागली. रुखमाबाईच्या विरोधात बोलायची हिंमत कोणात नव्हती. शिवाय ती नको म्हणायला इथे नव्हती. ठराव झाला.

बाराव्या दिवशी पूल मोकळा झाला. रुखमाबाई उतरली ती थेट विहारावर आली. नातू झाला होता, त्याचे पेढे तिनं आधी वाटले. मग दार उघडलं. दोन आठवड्यांची धूळ, वटवाघळांची घाण, पावसाचं आत आलेलं पाणी. भैयाजींनी घसा खाकरून ठराव वाचून दाखवला. टाळ्या झाल्या.

"म्हंजे मी अध्यक्ष झाली," रुखमाबाई म्हणाली. "मंग आता विहार झाडन कोन?"

या मुद्द्यावर दोन्ही बाजूंचं संपूर्ण एकमत होतं. दोन्ही बाजू गप्प होत्या.

रुखमाबाई मागच्या खोलीत गेली आणि दोन झाडू घेऊन आली. एक तिनं भैयाजींच्या हातात दिला, एक अश्वजितच्या. भैयाजींनी तो कसा धरायचा हे उलटसुलट करून पाहिलं. दोघंही वाकले आणि खोलीच्या मधोमध झाडू लागले.

"मधातून नोका," रुखमाबाई खुर्ची ओढून बसत म्हणाली. "कोन्यातून काढत या. घान सारी कोन्यातच राह्यते."

हर्षानं नवी वही उघडली आणि सभा सुरू झाल्याची वेळ लिहिली.