भालेराव लाकूड शिजवतात

आमच्या चिंचवडच्या सोसायटीत भालेराव लाकूड शिजवत. चुलीत घालून नव्हे, पातेल्यात घालून. गच्चीवर शेगडी, शेगडीवर लग्नाच्या पंगतीला पुरेल एवढं पातेलं आणि त्यात मटणासारखा रटरटणारा एक वेडावाकडा ओंडका. काय शिजतंय असं कुणी विचारलं की ते कपात थोडं पाणी काढून उजेडाकडे धरत. पाणी थेट चहाच्या रंगाचं असे.

"अजून रंग सोडतंय," ते म्हणत. "प्रोसेसमध्ये आहे."

भालेराव भोसरीच्या एका कारखान्यात क्वालिटी तपासनीस होते. ते निवृत्त झाले, पण त्यांच्यातला तपासनीस झाला नाही. भाजीवाल्याचा दुधी बोटानं दाबून ते "रिजेक्ट" म्हणत. पोळी एका बाजूनं जाड निघाली तर "री-वर्क". माझ्या मुलाच्या लग्नात नवरदेवाला खालून वर न्याहाळून त्यांनी "ओके" म्हटलं, तेव्हा विहीणबाईंनाही हायसं वाटलं होतं.

लाकूड फिशटँकसाठी होतं. कच्चं लाकूड तसंच टाकीत टाकलं तर पाणी तांबडं होतं, लाकूड कुजतं, शिवाय तरंगतं. म्हणून आधी साल सोलायची, नखानं टोकरून मऊ जागा शोधायच्या, ब्रशनं घासायचं, उकळायचं आणि पिंपात बुडवून ठेवायचं. साबणाला सक्त मनाई. "साबण लाकूड पितं आणि मग माशांना पाजतं." हे सगळं ते लिफ्टमध्ये सांगत. आपला मजला आला तरी दार धरून सांगत.

ओंडका इतर सगळ्या तपासण्यांत पास झाला होता. घोडं एकाच ठिकाणी अडलं होतं. तो बुडत नव्हता. वर दगड ठेवला की गप्प बसे, दगड काढला की डोकं वर. एकदा मी म्हटलं, "राव, दुकानात तयार लाकूड मिळतं. आणा एखादं." मी त्यांना दुसरं लग्न करायला सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

सोसायटीत होळीचं काम माझ्याकडे असतं. त्या वर्षी गोवऱ्या कमी पडल्या. भालेराव रावेतला लेकीकडे गेले होते आणि ओंडका गच्चीवर उन्हात होता. रखवालदार लक्ष्मण जेवायला गेला होता. आमच्याकडे आजही सगळे सांगतात की तो ओंडका लक्ष्मणानं होळीत घातला. ते खोटं आहे. त्याच्या टेबलावरून गच्चीची किल्ली मी उचलली, ओंडका लिफ्टनं खाली मी आणला आणि गोवऱ्यांच्या आत मीच सारला. पातेल्याच्या वासातून सुटलो एकदाचे, असं वाटलं.

सुटतोय कसले! इतके महिने पाणी प्यालेला तो ओंडका पेटेचना, नुसता धुमसत राहिला. बायका नैवेद्याची ताटं सावरत, खोकत मागे सरल्या. नारळ टाकायलासुद्धा कुणी जवळ जाईना.

सकाळी भालेराव परतले. त्यांनी राखेतून ओंडका उकरून काढला आणि सरळ लक्ष्मणाला गाठलं, कारण किल्ली त्याच्याकडे. कधी आवाज न चढवणारा माणूस, पण त्या दिवशी शिव्यांवर उतरला. "म्या नाही टाकलं, साहेब," लक्ष्मण पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी तिथंच उभा होतो. त्या दिवशीचा पेपर मी फार लक्षपूर्वक वाचला.

पुढे मात्र नवलच झालं. वरचं भुसभुशीत लाकूड जळून गेलं होतं आणि आतला टणक गाभा तेवढा उरला होता. भालेरावांनी काजळी तारेच्या ब्रशनं घासली, ओंडका पुन्हा उकळला, पिंपात सोडला. तो बुडाला. लिफ्टची वाट न पाहता ते जिन्यानं खाली आले आणि लक्ष्मणाचा हात हातात घेऊन म्हणाले, "फर्स्ट क्लास री-वर्क."

तेव्हापासून रोज अकराला भालेराव स्वतः चहा घेऊन फाटकाशी जाऊ लागले. लाकूड टाकलं नाहीस तर चहा कसा पितोस, असं मी लक्ष्मणाला हळूच विचारलं. बशीत फुंकर घालत तो म्हणाला, "शिव्या बी न टाकताच खाल्ल्या व्हत्या की." आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

ती नजर काही पाठ सोडेना. शेवटी एका सकाळी मी भालेरावांकडे गेलो. टाकी लख्ख होती. मधोमध ओंडका, एका अंगानं अजून काळा. समोर एक खुर्ची. टाकीत मासा मात्र एकही नव्हता.

"मासे कधी सोडणार?" मी विचारलं.

"मासे नकोत," ते म्हणाले. "मरतात."

मग टाकीकडेच बघत म्हणाले, "भोसरीच्या खोलीपुढं हिनं पेरू लावला होता. ही गेली आणि त्याच वर्षी रस्ता रुंद करताना तोही तोडला. बुंधा मी उचलून आणला. नुसता ठेवला तर कीड लागते, देशमाने. पाण्यात टिकतो."

मी सांगून टाकलं. किल्ली, लिफ्ट, होळी, पेपर, सगळं. ते उठून आत गेले. निघावं की थांबावं ते मला कळेना. बऱ्याच वेळानं ते चहा घेऊन आले, कप उजेडाकडे धरून त्यांनी रंग पाहिला आणि माझ्या हातात दिला.

"लक्ष्मणाचा चहा चालूच राहील," ते म्हणाले. "त्याला नको ते बोललोय मी, बोललेल्याचं री-वर्क होत नाही. तो देऊन मी वर येतो, तेव्हा तुम्ही येत जा."

मी मान हलवली.

"आणि येताना खुर्ची घेऊन या. इथं एकच आहे."