देवनहळ्ळीची पंगत

पंगत वाढावी तर नंदकिशोरांनीच! बेंगळूरच्या मराठी मंडळींत कुणालाही विचारा. कुठल्याही मुंजीत हा माणूस कमरेला उपरणं बांधून जिलब्यांची परात घेऊन निघाला, की लोक पानावर दोन्ही हात आडवे धरायचे, आणि तरी जिलबी पानात पडायचीच. मग एक गाय, दोन शेळ्या, काही बदकं आणि मूठभर कोंबड्या यांचं सकाळचं खाणं म्हणजे काय मोठं काम! असं त्यांचं म्हणणं.

अनुसूयाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, ते पटत नव्हतं. देवनहळ्ळीजवळ जमिनीचा तुकडा घेतला नंदकिशोरांनी, जनावरं हौसेनं आणली त्यांनीच, आणि सगळी पडली बाईंच्या गळ्यात. जन्मभर सरकारी कारखान्यात यंत्रं जुळवताना या गृहस्थाने खिडकीबाहेर बघत गाईगुरांची स्वप्नं पाहिलेली. निवृत्तीनंतर त्यांना कायमचं इथंच राहायचं होतं. शहरात राजाजीनगरच्या फ्लॅटवर परत जायचा विषय निघाला तरी बिचाऱ्यांचा चेहरा उतरायचा. अखेर बाई म्हणाल्या, "उद्याची सकाळ एकट्यानं निभावून दाखवा. जमलं तर इथं राहू. नाही तर जनावरं देऊन टाकायची आणि मुकाट्यानं घरी चलायचं."

सकाळी सगळीकडे धुकं होतं. विमानतळाकडे उतरणारं एखादं विमान नुसता मिणमिणता दिवा होऊन डोक्यावरून जायचं. गोठ्यातून गाईच्या श्वासाचा ऊबदार वास येत होता. नंदकिशोर अंगणात उभे राहिले आणि आपण जागे आहोत की अजून झोपेतच, हे त्यांना बराच वेळ कळेना. इतकं सुख त्यांना झालं होतं.

अनुसूयाबाईंची रीत साधी होती. आधी गाईला गोठ्यात पेंड, मग शेळ्यांना दावणीला पाला, मग बदकं, आणि सगळ्यांचं उरकल्यावर खुराडं उघडायचं. नंदकिशोरांना हे फार खुपायचं. एकानं जेवायचं आणि बाकीच्यांनी तोंडाकडे बघत बसायचं? हे कुठलं वळण! सगळ्यांची पानं मांडायची, सगळ्यांना वाढायचं आणि सगळ्यांनी एकदम बसायचं, हे त्यांच्या रक्तातच होतं.

त्यांनी बांधावरच्या केळीची पानं कापली. अंगणात ओळीनं मांडली. पानांभोवती तांदळाच्या पिठाची रांगोळी काढली. पेंड, पाला, भिजवलेला कोंडा, मक्याचा भरडा, ज्याचं त्याला नीट वाढलं. मग दावी सोडली, खुराडं उघडलं आणि हात जोडून म्हणाले, "सावकाश होऊ द्या."

सावकाश कसलं! कोंबड्यांनी आधी रांगोळी खाल्ली. शेळ्यांनी पानावरचं सोडून पानंच खायला घेतली. गाईनं स्वतःचं पान पेंडीसकट उचललं आणि शेजारणीच्या पानाला तोंड लावलं. बदकं कोंड्यात बसली. दुसऱ्या कुणी गडबडून सगळ्यांना हाकललं असतं. नंदकिशोर पडले वाढपी! पंगतीत पान रिकामं दिसलं की त्यांचा हात थांबतच नाही. ते पुन्हा पुन्हा वाढत सुटले. गाईला तर गळ्याला हात घालून आग्रह चालला होता, अगदी एक घास, माझ्यासाठी.

इतक्यात धुक्यातून आणखी शेळ्या आल्या. नंदकिशोरांनी मोजल्या नाहीत, आलेल्या पाहुण्याला कोण मोजतं? त्यांनी फक्त पानं वाढवली. शेळ्यांच्या मागून आला शेजारचा मल्लाप्पा, निपाणीकडचा माणूस, हातात तुटलेली दावी घेऊन.

"काय ओ अण्णा," तो चक्रावून म्हणाला, "आमच्या शेळ्यांना पण आवतण दिलासा की काय?"

नंदकिशोरांनी सवयीनं त्यालाही बसा म्हणून पान दाखवलं. तेवढ्यात एका शेळीनं त्यांच्या कमरेचं उपरणं ओढलं, ते कोंड्याच्या घमेल्यात बसले आणि तिथं त्यांना जाग आली म्हणा ना. आठवड्याचा चारा संपला होता. पायरीवर अनुसूयाबाई पदरात तोंड खुपसून बसल्या होत्या. त्या रडतायत, असंच त्यांना वाटलं.

"निघू या," ते हळूच म्हणाले. "सामान बांधतो मी."

बाईंनी पदर काढला. हसून हसून त्यांचे डोळे वाहत होते. मागे गाय येऊन नंदकिशोरांचा कोंडा उडालेला कान चाटत होती. बाई ते बघत होत्या. त्यांनी इतके दिवस या जनावरांना वेळेवर खाऊ घातलं होतं, पण असं लाडानं घातलं नव्हतं, हे त्यांना एकदम जाणवलं आणि जरा वाईटही वाटलं.

"राहू या इथंच," त्या म्हणाल्या.

नंदकिशोरांनी आनंदानं गाईच्याच गळ्याला मिठी मारली.

"पण उद्यापासून वाढणार मी," बाई उठत म्हणाल्या. "उष्टी तुम्ही काढायची."

नंदकिशोरांनी वळून अंगणभर पाहिलं. पोटभर जेवलेली पाहुणेमंडळी एकेक करून शेपटी वर उचलू लागली होती.