सांता इनेसचा फुटका टूबा

अनुदान मिळायला आता एकच पायरी उरली होती. वाहाका शहरातून येणाऱ्या नोएलिया बाई सांता इनेस गावच्या बँडची दैना स्वतःच्या डोळ्यांनी बघणार होत्या.

दैनेला तोटा नव्हता. साथीच्या काळात गावात ना जत्रा झाली ना लग्न. झाल्या त्या अंत्ययात्रा, त्याही बँडशिवाय. निम्मे वादक पोटापाण्यासाठी उत्तरेला गेले. क्लॅरिनेटच्या भोकांवर बसणाऱ्या इवल्या गाद्या उंदरांनी खाल्ल्या. आणि टूबा, म्हणजे अजगरासारखं अंगाभोवती वेटोळं घेऊन फुंकायचं ते अगडबंब वाद्य, सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावून कसाबसा श्वास घेत होता. बँडमास्तर आबुंदिओनं अर्जात हे सगळं इमानेइतबारे लिहिलं होतं. योजनाच मुळी संगीतवाल्यांना टिकाऊ रीतीनं सावरण्याची होती.

"टिकाऊ म्हणजे हो?" एर्लिंदानं विचारलं. ही आबुंदिओची बायको. बँडमध्ये ती ट्रॉम्बोन वाजवायची आणि घरी आबुंदिओचे बारा.

"म्हणजे यंदा मदत घेतली की पुढच्या वर्षी पुन्हा दारात उभं राहायचं नाही."

"मग काय, तुमचा आजा मेला तरी टूबा टिकलाय. दाखवा तोच."

तो दाखवायचं ठरलंही होतं. पण आदल्या दिवशी गावप्रमुख क्रिस्पीन उगवले.

"मास्तर, पाहुणी येतेय गावात. तिच्यापुढं ठिगळाचा टूबा ठेवणार तुम्ही?"

"अहो, तोच बघायला येतेय ती!"

"येऊ दे की. पण बघताना चांगलं काहीतरी बघू दे. शेजारच्या सान कासिमिरोला कळलं, की पाहुणीपुढं आपण भंगार मांडलं, तर तोंड दाखवायला जागा उरायची नाही."

"त्यांना कोण सांगतंय?"

"मीच. त्यांचीच वाद्यं मागवलीत ना मी!"

आबुंदिओनं कपाळावर हात मारला. पण खरं सांगायचं तर जोरात नाही मारला. फुटका टूबा पाहुणीसमोर फुंकायचा, ही कल्पना त्यालाही घशात हाडासारखी टोचत होती.

तासाभरात सान कासिमिरोचा बँडमास्तर फिदेन्सिओ सगळी वाद्यं टेम्पोत घालून हजर झाला. या डोंगरात एका गावच्या जत्रेला दुसऱ्या गावचा बँड फुकट वाजवतो आणि पुढं ती वाजवणी वाजवूनच फेडली जाते. तिथं 'नाही' म्हणायची पद्धतच नाही.

"घे गड्या," फिदेन्सिओ म्हणाला, "पोचे नको आणू म्हणजे झालं."

मग गावाला चेवच आला. बायकांनी गणवेश धुतले. निवृत्त झालेले आजोबा कवळ्या बसवून क्लॅरिनेट मागायला आले. एर्लिंदानं टर्की कापून मिरच्यांचं घट्ट मोले शिजवलं.

नोएलिया बाई गाडीतून उतरल्या, तेव्हा वेशीवर पितळ असं झळकत होतं की त्यांनी डोळ्यांवर हात धरला. आबुंदिओ वादकांच्या कानाशी लागला, "जरा बेसूर वाजवा रे, गरिबीसारखं."

"बेसूर?" ढोलवाला भडकला. "पाहुणीसमोर? माझा बाप कबरीतून उठून मला बडवेल!"

आणि बँड वाजला. साथीनंतर पहिल्यांदाच असा भरगच्च वाजला. डोंगर घुमले, कुत्री गप्प झाली, म्हाताऱ्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. हात हलवता हलवता आबुंदिओ अर्ज विसरला, अनुदान विसरला. त्याची छाती गणवेशाच्या गुंड्यांना पेलवेना.

संपल्यावर बाईंनी डोळे टिपले. "मास्तर, अर्जात तर टूबा फुटलाय म्हणून लिहिलंय."

सगळं गाव आबुंदिओकडं बघू लागलं.

"होता," तो म्हणाला. "तेव्हा फुटका होता. आता सावरलोय आम्ही."

"तेही इतकं टिकाऊ!" बाई म्हणाल्या, मोलेवर ताव मारून तृप्त झाल्या आणि तशाच पुढं सान कासिमिरोच्या पाहणीला गेल्या; अर्ज त्यांनीही केला होता.

तिथं खोलीत उरलेसुरले वादक रिकाम्या हातांनी बसले होते. अनुदान सान कासिमिरोला मिळालं.

त्यानंतर एर्लिंदानं आबुंदिओला सुखानं घास गिळू दिला नाही. "'टूबा फुटलाय.' दोन शब्द! दोन शब्द नाही निघाले तोंडातून. खा आता तुमची अब्रू, त्यावर मोले वाढते."

नवी वाद्यं आली, तसा फिदेन्सिओ टोपी कुरवाळत दारात उभा राहिला. "गड्या, बाईंनी विचारलं, वाद्यं कुठायत? तुम्हाला दिली म्हटलं असतं, तर तुमचं बिंग फुटलं असतं. म्हणून म्हटलं, आमच्याकडं नाहीतच."

आबुंदिओनं त्याला घट्ट मिठी मारली.

"टूबा आळीपाळीनं दोन्ही गावांत राहील," फिदेन्सिओ म्हणाला. "पण एक अडचण आहे. बाई पुन्हा येतायत आमचा बँड ऐकायला. वाद्यं आहेत, वाजवायला माणसं कुठायत? आमचीही उत्तरेला गेलीत."

आता 'नाही' म्हणायची पाळी आबुंदिओची होती, आणि ती पद्धत नव्हती. सांता इनेसचा बँड सान कासिमिरोत उभा राहून वाजला, आणि असा वाजला की नव्या पितळाचा कोरेपणा पहिल्याच धुनेत उतरला.

जेवणाच्या पंगतीत नोएलिया बाईंनी सांता इनेसच्या वादकांना बरोबर ओळखलं. मागचं पुढचं जुळवायला त्यांना फार वेळ लागला नाही. त्या एर्लिंदाशेजारी सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "ताई, थोडा निधी अजून शिल्लक आहे. मास्तर सांगायचे नाहीत. तुम्ही तरी खरं सांगा, तुमच्या बँडला काय कमी आहे?"

आबुंदिओचा घास हातातच राहिला. सुटलो, त्याला वाटलं. आपली ही बया कुणाची भीडभाड ठेवायची नाही.

एर्लिंदानं पंगतीवरून नजर फिरवली. दोन्ही गावांचे वादक, त्यांच्या बायका, सगळे कान टवकारून बसले होते. तिनं पदर झटकावा तशी शाल झटकली आणि ताठ बसली.

"आमच्याकडं? काय कमी असणार बाई? माणसं पुरून उरतात, म्हणून तर इथं दिली."

आबुंदिओनं तिला कोपरानं ढोसलं. "अगं! दोन शब्द!"

"गप्प बसा हो," ती पुटपुटली. "पाहुणी जेवतेय."