हमीद सरांना बे म्हणणारा माणूस

अकोल्यात नवा माणूस भेटला की लोक गाव विचारतात, आडनाव विचारतात, फारच मोकळे असतील तर पगारही विचारतात. आमचे हमीद सर विचारतात, "तुमाले बे म्हननारे किती लोक आहेत?"

बाहेरच्यांसाठी सांगतो. 'बे' म्हणजे आमच्याकडचं 'अरे', पण बाह्या वर केलेलं. ते मित्राला म्हणायचं, धाकट्याला म्हणायचं. मोठ्या माणसाला 'जी'. यात चूक झाली की थोबाड रंगलंच.

सर ज्युनिअर कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचे. मी त्यांचा विद्यार्थी. ते रिटायर झाले, आता त्यांच्या जागी मीच शिकवतो. समाजीकरणाचा धडा आला की सर पुस्तक मिटायचे. "यातले सिद्धांत पेपरात लिहा. खरी गोष्ट आता आयका. लेकरू बोलाले लागलं का सगळ्यायलेच बे म्हनते, आजोबालेबी. मंग कोनी हासते, कोनी थापड देते. कोनाले बे अन् कोनाले जी, हे ज्या दिवशी त्याले समजलं, त्या दिवशी झालं समाजीकरण! बाकी सारा मसाला."

मी शहाण्यानं पेपरात हेच लिहिलं. भोपळा मिळाला. सर म्हणाले, "तपासनाऱ्याले लहानपनी कोनी थापड नसन देल्ली."

एकदा पुण्याहून नव्या मॅडम आल्या. सर वर्गात पोरांना 'बे' म्हणतात, ही शिवी आहे, असं त्यांनी प्राचार्यांना लेखी कळवलं. सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, बे एके बे, बे दुने चार. पाढेबी बेपासूनच शिकतो ना आपन? मानसाचंबी तसंच हाय." प्राचार्य खो खो हसले. लगेच सरांनी त्यांनाच विचारलं, "तुमाले घरी कोनी बे म्हनते का, जी?" प्राचार्यांचं हसू तिथंच आटलं. वर्षभरानं त्याच मॅडम रिक्षावाल्यावर "काहून बे, एवढे पैसे कशाचे!" म्हणून कडाडल्या, तेव्हा सरांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले.

खुद्द सरांना 'बे' म्हणणारा एकच उरला होता. अंजनगाव सुर्जीचा वसंता, पहिलीपासूनचा दोस्त. फोनवर तो ओरडायचा, "काबे हम्या, जित्ता हायेस का?" आणि सर भर बाजारात खुलायचे. गेल्या महिन्यात वसंता गेला. मयतीला मी सरांसोबत होतो.

परतताना एसटी अकोटला थांबली. सर खिडकीकडे पाहत बोलले, "घरी अब्बा, मोहल्ल्यात चाचा, तुमी सारे सर. बायको तर 'अजी सुनते हो'. सारे जी-जी करून राह्यले मले. आता मी कोनासाठीच लहान नाई." मग माझ्याकडे वळले आणि अगदी अजिजीनं म्हणाले, "एकडाव तू म्हन ना. मले बे म्हन."

मी तोंड उघडलं. मनात दहादा म्हणून झालं, पण जीभ काही वळेना. "काहून..." इथवर आलो आणि पुढं निघालं, "...जी." स्वतःचाच असा राग आला, काय सांगू!

सर आधी हसले. मग चष्मा काढून बराच वेळ रुमालानं पुसत बसले.

"लयच चांगलं शिकवलं मी तुले," ते म्हणाले.