सगळ्या जंगलाचा मित्र विनीत

एका जंगलात... आता कुठल्या ते विचारू नका. नाव सांगितलं, तर तुमच्या आया तिथे चांगला क्लास आहे का म्हणून चौकशी करत सुटतील. तर मुलांनो, अशा एका जंगलात भुऱ्या नावाचं मुंगसाचं पोर राहत होतं.

भुऱ्या तसा गुणी होता. आईने हाक मारली की तिसऱ्या हाकेला नक्की यायचा. पण त्याचं एक गुपित होतं. त्याचा सगळ्यात जवळचा मित्र साप होता.

घाबरू नका. धामणीचं पोर होतं ते. विष नाही की काही नाही. त्याचं नाव वेटू. ओढ्यापलीकडे एक ओस पडलेलं वारूळ होतं, तिथे दोघं चोरून भेटायचे आणि लपाछपी खेळायचे. वेटू दर वेळी हरायचा, कारण तो तोंड लपवायचा आणि बाकीचा वेटू बाहेरच राहायचा.

भुऱ्याच्या आईला हे कळलं असतं तर संपलंच. मुंगसाच्या घरात सापाचं नाव फक्त जेवणाच्या वेळी निघतं.

त्या वर्षी सिंह महाराजांनी दरबारी शाळा काढली. इंग्रजी माध्यमाची! महाराजांना स्वतःला इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे त्यांचा त्या भाषेवर फार विश्वास होता. प्रवेशासाठी एकच परीक्षा होती. इंग्रजीत निबंध लिहायचा, ‘माय बेस्ट फ्रेंड’.

झालं! जंगलातल्या सगळ्या आयांची झोप उडाली.

“सशाची पोरं क्लासला जातात, तरसाची जातात. बेडकीणसुद्धा पोराला पाठीवर घेऊन जाते,” भुऱ्याची आई म्हणाली. “आपणच तेवढं मागे राहायचं का? चल, हात-पाय धू.”

क्लास होता साळिंदर सरांचा. वडाच्या बुंध्याला पाटी लावलेली होती, ‘पर्सनल इंग्लिश अँड रायटिंग. प्रत्येक मुलाकडे वैयक्तिक लक्ष.’ वैयक्तिक लक्ष म्हणजे काय, तर सर प्रत्येकाच्या मागे जाऊन उभे राहायचे. मागे साळिंदर उभं असलं की कोणीही ताठ बसतं.

सर मनाने फार चांगले होते. नवं मूल आलं की ते आपल्या पाठीवरचा एक काटा उपटायचे, टोक तासायचे आणि लिहायला द्यायचे. त्या वर्षी इतकी मुलं आली, की सर मागून पार बोडके दिसू लागले.

भुऱ्याने पहिल्याच दिवशी निबंध लिहिला. मराठीतच, पण मनापासून लिहिला. ‘माझा मित्र वेटू. तो लांब आहे. मला आई रागावली की तो माझ्याभोवती गुंडाळून बसतो. तो काही बोलत नाही. मग मला बरं वाटतं.’

सरांनी तो वाचला. मग पुन्हा वाचला. त्यांच्या पाठीवर उरलेसुरले काटे होते, ते सगळे उभे राहिले.

“सुंदर लिहिलंयस रे,” ते हळूच म्हणाले. “पण याला मार्क मिळायचे नाहीत.”

“का सर?”

“गाइडमध्ये असं नाहीये.”

या गाइडची एक गंमत आहे. मागे कधीतरी माणसांची सहल जंगलात आली होती. त्यांतल्या एका मुलाचं दप्तर माकडांनी पळवलं. डबा माकडांनी खाल्ला आणि गाइड सरांना दिलं. तेव्हापासून सर इंग्रजीचे सर झाले.

गाइडमध्ये लिहिलं होतं, ‘माय बेस्ट फ्रेंड इज विनीत. ही गेट्स अप अर्ली. ही ड्रिंक्स मिल्क एव्हरी मॉर्निंग. ही रिस्पेक्ट्स हिज एल्डर्स. हिज शूज आर ऑलवेज क्लीन.’ सगळा क्लास सकाळ-संध्याकाळ हेच घोकत बसायचा. विनीत कोण, हे कोणी विचारलं नाही. सशांना वाटलं, तरसांच्या आळीत असेल. तरसांना वाटलं, सशांकडे असेल. सरांना वाटलं, असेल कोणाकडे तरी, एवढं छापलंय म्हणजे.

भुऱ्याने वारुळापाशी जाऊन वेटूला सगळं सांगितलं.

“म्हणजे तुझा बेस्ट फ्रेंड विनीत आहे?” वेटूने विचारलं.

“अरे, तसं लिहायचं असतं!”

“चांगला आहे का तो?”

“आहे वाटतं. लवकर उठतो.”

“मग मला भेटव ना एकदा,” वेटू म्हणाला आणि मान खाली घालून वारुळात निघून गेला. त्या दिवशी त्याचं शेपूटसुद्धा बाहेर राहिलं नाही. भुऱ्याला रडू आलं, कारण निबंध पाठ झाला होता आणि मित्र गेला होता.

परीक्षा झाली. दुसऱ्या दिवशी भर दरबारात निबंध वाचले गेले. वाचायला प्रधानजी होते, म्हणजे घुबड. दिवसाढवळ्या वाचायचं म्हणून ते अर्धे डोळे मिटून वाचत होते.

सशाच्या पोराचा मित्र विनीत. तरसाच्या पोराचा मित्र विनीत. हरणाचा विनीत, रानडुकराचा विनीत, बेडकाचाही विनीत.

महाराजांना बाकी काही कळलं नाही, पण नाव कळलं. त्यांचे डोळे भरून आले.

“प्रधानजी,” ते म्हणाले, “मी एवढा राजा, पण मला पाहिलं की सगळे पळतात. आणि माझ्याच राज्यात एक मुलगा असा आहे, ज्याला ससाही मित्र म्हणतो आणि तरसही! त्याला उद्या दुपारी माझ्यासमोर आणा. तो आला तर सगळ्यांना प्रवेश. आणि हा विनीत खोटा निघाला...”

पुढे त्यांनी नुसती जांभई दिली. सिंहाची जांभई तुम्ही पाहिली आहे का? पाहू नका.

संध्याकाळी सगळ्या आया वडाखाली जमल्या आणि एकच गोंधळ उडाला.

“सर, कुठे आहे तुमचा विनीत?”

“माझा कुठला? तुमच्या मुलांचा मित्र तो!”

“आमच्या मुलांचा म्हणजे, तुम्हीच शिकवलात ना!”

सर बिचारे पाठ दाखवणार, तर पाठीवर काटेच नव्हते. भुऱ्या कोपऱ्यात बसून हे सगळं ऐकत होता. ऐकता ऐकता तो उठला आणि ओढ्याच्या दिशेने धावत सुटला.

“वेटू!” तो वारुळाच्या तोंडाशी ओरडला. “बाहेर ये. तुला विनीतला भेटायचं होतं ना? तूच विनीत आहेस!”

मग त्याने वारुळात तोंड घातलं.

“मी तुझंच लिहिलं होतं रे. मग ते खोडलं. चुकलं माझं.”

थोड्या वेळाने वारुळातून एक डोकं वर आलं. “विनीतला काय काय करावं लागतं?” वेटूने विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भुऱ्या दरबारात आला. त्याच्या मागून वेटू सरपटत आला. बेडकीण पोराला घेऊन दोन उड्या मागे सरकली.

“महाराज,” भुऱ्या म्हणाला, “हा विनीत.”

महाराजांनी प्रधानजींकडे पाहिलं. प्रधानजींनी निबंध उघडला आणि एकेक गुण मराठीत विचारायला घेतला.

“लवकर उठतोस?”

“हो. पाखरांच्याही आधी.” कशासाठी उठतो, ते वेटूने सांगितलं नाही. पाखरंही तिथेच बसली होती.

“मोठ्यांचा मान राखतोस?”

वेटूने जमिनीवर हनुवटी टेकली. बाकीचा तो आधीच टेकलेला होता. एवढा नम्र मुलगा दरबाराने कधी पाहिला नव्हता.

“बूट नेहमी स्वच्छ असतात?”

“शोधून पाहा,” वेटू म्हणाला. “एक डाग सापडला तर सांगा.”

प्रधानजींनी अर्धे डोळे उघडून पाहिलं. खरंच, एकही डाग नव्हता.

महाराज गडगडाट करून हसले. मग त्यांनी सभेवरून नजर फिरवली. “काय, हाच ना तुम्हा सगळ्यांचा मित्र?”

ससे म्हणाले, हाच. तरस म्हणाले, हाच. बेडकीण पोराला पोटाशी घट्ट धरून म्हणाली, “अय्या, म्हणजे काय! रोज येतो, पण... जरा लांबूनच खेळतात.” नाही म्हणायची सोय कोणाला होती? सगळ्यांनी लेखी दिलं होतं.

शेवटी पाळी आली भुऱ्याच्या आईची. तिने सापाकडे पाहिलं. तिच्या अंगावरचा केस न् केस फुलला. मग तिने भुऱ्याकडे पाहिलं. तो पुढच्या पंजाने वेटूची पाठ घट्ट धरून उभा होता. असं त्याने आजवर फक्त आईला धरलं होतं.

“घरचाच मुलगा आहे, महाराज,” ती म्हणाली. “आमच्याकडेच असतो जेवायला.”

सगळ्यांना प्रवेश मिळाला. विनीतला तर महाराजांनी शाळेत पहिल्या बाकावर बसवलं, आणि त्याला तो बाक आडवा पडून पूर्ण पुरला.

त्या संध्याकाळी वेटू पहिल्यांदा पुढच्या दाराने भुऱ्याकडे आला. आईने त्याच्यासमोर वाटी ठेवली, लांबूनच.

“काकू,” वेटू अदबीने म्हणाला, “मी खरं तर दूध पीत नाही.”

“विनीत पितो,” आई म्हणाली. “गुपचूप संपव. सगळ्या जंगलाची ॲडमिशन आहे त्याच्यावर.”

वेटूने डोळे मिटून दूध संपवलं. आईने वाटी उचलली, आणि जाता जाता पंजाने त्याच्या ओठांवरची साय पुसली. मग आपण काय केलं हे लक्षात येऊन ती घाईघाईने आत निघून गेली.

साळिंदर सरांचा क्लास पुढच्या वर्षी पुन्हा गच्च भरला. निबंध होता ‘माय अंकल इज अ डॉक्टर’. या वेळी मात्र पालकांनी निबंध पाठ करून घेण्याआधी काका शोधून ठेवले.

तात्पर्य : मुलांनो, निबंधात कधीही खरं लिहू नये. खोटंच लिहावं. मात्र ते सगळ्यांनी मिळून अगदी एकसारखं लिहावं, म्हणजे एक ना एक दिवस ते खरं करून दाखवणं मोठ्यांना भाग पडतं.