दोन फेऱ्यांची मर्यादा

आमच्या टोळीत मी वयाने सगळ्यात मोठा, म्हणून प्रमुख मीच. आणि प्रमुख या नात्याने मी छाती ठोकून सांगितलं होतं, "ही मर्यादा उठवून दाखवली नाही, तर नावाचा मा दोक-सू नाही!"

टोळी म्हणजे ऑनलाइन गेममधली हो! राक्षसाच्या गुहेत शिरायचं, त्याला लोळवायचं, त्याची शस्त्रं लुटायची. पण कंपनीचा नियम असा, की आठवड्यात गुहेच्या दोनच फेऱ्या. गुरुवारी त्या उरकल्या की खेळ संपला! मग आम्ही कानाला हेडफोन लावून नुसत्या गप्पा ठोकायचो. मी अन्यांग शहरातल्या माझ्या एका खोलीच्या घरात रामेनच्या शेवया उकळत, ओक-बुन ताई देजॉनच्या आपल्या दुकानात किमची लोणच्याचे डबे भरत, आणि हान-ग्योल सरकारी नोकरीच्या परीक्षेचं पुस्तक न उघडता. बायको सोडून गेल्यापासून माझ्याशी एवढं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. पण तेव्हा ही अक्कल कुठे होती!

"दादा, मर्यादा आहे म्हणून तर मी टिकलेय," ओक-बुन ताई म्हणाल्या. "दुकान सांभाळून रोज कोण गुहेत शिरणार? ही रिकामटेकडी पोरं पुढे निघून जातील."

"रिकामटेकडा कोण? मी अभ्यास करतोय!" हान-ग्योल उसळला.

"कसला रे? राक्षसांचा?"

"बास!" मी दरडावलं. "मर्यादा हटवायचीच! कुणाला काही म्हणायचंय?"

वडीलधाऱ्याने असं विचारल्यावर आमच्या कोरियात कोण तोंड उघडणार? सगळे गप्प बसले. मी त्याला एकमत समजलो.

गेम कंपनीला जाग आणायची तर आमच्याकडे मोर्चा नेत नाहीत, ट्रक धाडतात. पाठीवर भलामोठा दिव्यांचा फलक लावलेला भाड्याचा ट्रक! तो पानग्योला कंपनीच्या दारात नेऊन उभा केला. मजकूर अर्थात माझाच: "आम्हाला पोटभर खेळू द्या!" आणि काय सांगू, आठवड्याच्या आत कंपनीचे साहेब कॅमेऱ्यासमोर माफी मागत कमरेत वाकले, मर्यादा उठली! मी खोलीत असा नाचलो, की खालच्या म्हातारीने झाडूने छत बडवलं.

पुढच्या गुरुवारी मी उत्साहाने विचारलं, "काय मंडळी, आज जेवायला काय?"

"दादा, फेरी चालू आहे."

अर्ध्या तासाने मी पुन्हा विचारलं, "आता?"

"पुढची चालू आहे."

रविवारीही चालूच! हान-ग्योल गुहेतच मुक्कामाला गेला, परीक्षेला गेलाच नाही. ओक-बुन ताईंनी खेळता खेळता कढईभर सुकी मासळी जाळली. "नाही जमत हो मला," असं रडवेल्या आवाजात म्हणाल्या आणि टोळी सोडून गेल्या. मी हान-ग्योलला भर गुहेत चार शब्द सुनावायला गेलो, तेवढ्यात राक्षसाने आम्हा सगळ्यांना तुडवलं.

"दादा, रागावू नका," तो अदबीने म्हणाला, "तुमच्या बोलण्याने फेऱ्या वाया जातात. टोळीने ठरवलंय, एका फेरीत तुम्ही तीनच वाक्यं बोलायची."

मी भडकलो. "हा काय अन्याय आहे! मी टोळीचा प्रमुख आहे! तुझ्या बापाच्या वयाचा आहे!"

"झाली तीन," तो म्हणाला आणि माझा माइक बंद केला.

चौथं वाक्य तसं काही खास नव्हतं. ओक-बुन ताईंचा फोन नंबर कुणाकडे आहे का, एवढंच विचारायचं होतं.