उस्मानभाई आणि सुलतानचं नाक

मी एकदा एका सशाला धुरी दिली. लहान बाळाला न्हाऊ घातल्यावर निखाऱ्यांवर ओवा, लसणीची सालं आणि वेखंड टाकून देतात ना, तीच. तेव्हा मी चौसष्ट वर्षांची होते, म्हणजे अगदीच पोरसवदा. आता अडुसष्टावं लागल्यावर कळतं, की चौसष्ट हे काही अक्कल येण्याचं वय नव्हे. पण त्या दिवसांत मी स्वतःला महाडातली अर्धी वैद्य समजत होते. "सात नातवंडं माझ्या धुरीवर वाढली," असं येईल-जाईल त्याला ऐकवायची. त्यातली चार मुंबईला जन्मली आणि तिथंच वाढली, ही गोष्ट मी मध्ये येऊ देत नसे.

ससा होता शेजारच्या उस्मानभाईंचा. पण धुरीचं पुढं काय झालं ते सांगण्याआधी उस्मानभाई सांगायला हवेत. नाहीतर मी नेमका कुठं हात घातला ते तुम्हाला कळायचं नाही.

उस्मानभाई दारात आलेल्या माणसाला आधी हुंगत. "या, बसा" त्यानंतर.

"अत्तर? अगरबत्ती? विडी?"

तीन प्रश्न. तिन्हींना "नाय" म्हटलं तरच जिना चढायचा. कुवेतहून सुट्टीवर येताना ज्यांच्या बॅगेत कपड्यांपेक्षा अत्तराच्या बाटल्या जास्त असत, ईदला ज्यांची गळाभेट घेतली की आमच्या ह्यांचा सदरा दोन धुण्यांपर्यंत दरवळायचा, त्या माणसानं घरातली शेवटची बाटलीसुद्धा वाटून टाकली होती. माझा भाचा एकदा पास झाल्याचे पेढे घेऊन गेला. त्यानं केसांना वासाचं तेल लावलं होतं. पेढे कठड्यावर ठेवून त्याला परत यावं लागलं, आणि वरून आशीर्वाद मिळाला, "मोठा हो! पण डोकं धुवून ये!"

माझ्या स्वयंपाकघराची खिडकी त्यांच्या वरच्या मजल्याला लागून. मी मिरची कुटायला घेतली की पलीकडून हाक यायची, "वहिनी, पाच मिनिटं! सुलतानला मागल्या खोलीत नेतो, मग खुशाल कुटा!" आमचे हे शाळामास्तर होते, त्यामुळे त्यांना सगळ्यातली शिस्त आवडते. ते म्हणायचे, "बघ, सशाला विचारून फोडणी देणारी तू गावातली पहिलीच."

सुलतान म्हणजे तो ससा. नाव सुलतान, अवतार फकिराचा. पांढरा, एक कान पडलेला, नाक कायम ओलं. त्याला पाळलं होतं उस्मानभाईंच्या नातीनं, मुंब्र्याला. तो दिवसभर शिंकायला लागला तेव्हा सून म्हणाली, जागा लहान आहे, पोरीला त्रास होईल. मुंबईकडच्या लोकांचं एक बरं असतं, जुनं कपाट आणि आजारी जनावर दोन्ही गावी पाठवून देतात. कपाट खालच्या मजल्यावर राहिलं. आमच्या आळीत खाली कुणी मोलाचं काही ठेवत नाही, सावित्री नदीचं पाणी काही विचारून येत नाही. सुलतान मात्र पहिल्याच दिवशी वर गेला.

उस्मानभाई त्याला गुरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर भला माणूस. त्यानं सुलतानला टेबलावर ठेवलं, चारही बाजूंनी पाहिलं आणि म्हणाला, "चाचा, मी बैल बघतो, म्हशी बघतो. खोटं कशाला बोलू, ह्याला कुठून धरायचं तेच मला कळत नाय. पुण्याला जा."

मग भाजीच्या करंडीत टॉवेल अंथरून, एसटीनं, घाट चढून पुणं. कंडक्टरनं करंडीत डोकावून विचारलं, "काय हाय?" उस्मानभाई म्हणाले, "पेशंट." आणि ड्रायव्हरला वळणं हळू घ्यायला सांगून आले.

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना समजावलं. हा सर्दीचा रोग सुलतानच्या नाकात कायमचा मुक्कामाला आलाय. औषधानं दबेल, पण मुळापासून जाईलच असं नाही. ससा श्वास घेतो तो नाकानं. नाक चोंदलं की त्याचा श्वासही अडतो आणि खाणंही सुटतं. तेव्हा नाक मोकळं ठेवा, धूळ नको, धूर नको, उग्र वास नको, ओल नको.

हे सगळं उस्मानभाईंनी परत येईपर्यंत एका वाक्यात बसवलं होतं. "बरा होणार नाय, बरा ठेवायचा हाय."

ते वाक्य मग सगळ्या आळीला लागू झालं. रस्त्यातला खड्डा दाखवला की, "बरा होणार नाय, बरा ठेवायचा." स्वतःचा गुडघा, तुंबलेलं गटार, सगळ्यांना तेच. मी एकदा आमच्या ह्यांच्या संतापाची तक्रार केली. उस्मानभाईंनी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, "मास्तरांचा राग? बरा ठेवा, वहिनी, बरा ठेवा."

आता हा माणूस बरा कसा ठेवायचा, ते बघण्यासारखं होतं. सव्वीस वर्षं त्यांनी कुवेतच्या बंदरात क्रेन चालवलेली. "वरती बसून कंटेनर असा खाली ठेवायचो, खाली अंडं असतं तरी फुटलं नसतं," असं सांगायचे. ते हात आता कापसाचा बोळा मिठाच्या पाण्यात पिळून सशाचं नाक पुसायचे. सुलतान शिंकला की पुढच्या पायांनीच नाक पुसणार, म्हणून सकाळी उठल्यावर आधी "हात दाखव!" केस चिकटलेले दिसले की त्या दिवशी कुणाच्या लग्नाला जाणं रद्द.

सकाळ-संध्याकाळ वाफेचं मशीन. लहान पोरांना दमा लागला की देतात ते. करंडीवर चादर टाकायची, आत सुलतान, नळीतून औषधाची वाफ. मशीनच्या घुरघुरीला तो घाबरू नये म्हणून उस्मानभाई त्याला पेपर वाचून दाखवायचे. पण मारामाऱ्या, अपघात गाळून. उरायचं काय? निविदा, हवामान आणि हरवले-सापडले. सुलतानला रायगड जिल्ह्यातल्या सगळ्या निविदा माहीत असतील.

खाली अंथरायचं कापड दिवसातून तीनदा बदलायचं, कारण मुताचा वासही नाकाला झोंबतो. आमच्याकडे पावसाळ्यात रुमालसुद्धा चार दिवस वाळत नाही. तर उस्मानभाई ती फडकी इस्त्री करून वाळवायचे. घडी घालून, कडा जुळवून. आणि अंगात स्वतः चुरगळलेली लुंगी! सुकं गवत गच्चीवर नेऊन झटकायचे, तेव्हा स्वतःच्या नाकाला फडकं. मी खालून ओरडायची, "उस्मानभाई, घरफोडीला निघालात का?"

दर सोमवारी वजन. किराणा दुकानातल्या काट्यावर. दुकानदार कळवळून म्हणायचा, "चाचा, गिऱ्हाइकाला साखरेत केस सापडतात!" उस्मानभाई शांतपणे आकडा बघायचे. वजन उतरलं म्हणजे खाणं उतरलं, खाणं उतरलं म्हणजे नाक बंद. "तुझ्या साखरेचा काटा खरा हाय का, ते तरी कळतंय ना लोकांना," असं वर सुनवायचे.

आणि शिंका मोजायच्या. संध्याकाळी खिडकीतून जाहीर व्हायचं, "वहिनी, आज अकरा!" पंधराच्या वर गेल्या की त्यांचं जेवण जात नसे. माझी बहीण पोलादपूरहून राहायला आली होती, तिनं ऐकलं आणि मला हळूच विचारलं, "कसली गो अकरा? सिगारेटी?"

एकदा मीच चिडून म्हटलं, "सशाचं एवढं करताय. स्वतः महिनाभर खोकताय, डॉक्टरकडे गेलात?"

"माझं काय, वहिनी," ते म्हणाले, "मी तोंडानं बी श्वास घेतो."

तर असा हा माणूस एका आषाढी दुपारी माझ्या दारात आला. दासगावला त्यांचे मामेभाऊ वारले होते. मातीला जायलाच हवं होतं. तीन तासांत परत येणार. सुलतानची सकाळपासून सात झालेली. "वहिनी, नुसतं बसा त्याच्याजवळ. काय करू नका. नुसतं बसा."

"काय करू नका" हे मला सांगणं म्हणजे मांजराला दुधाची राखण. तासभर मी बसले. पाऊस असा, की भिंतींना घाम सुटलेला. सुलतान शिंकला. मी मोजलं, आठ. मग चार वेळा लागोपाठ शिंकला, आणि माझ्यातली अर्धी वैद्य पूर्ण जागी झाली. बारा शिंका! आणि हा माणूस मशीन लावतोय, पेपर वाचतोय. अरे, ह्याला ऊब हवी! सर्दी म्हणजे सर्दी, पोराला झाली काय आणि सशाला झाली काय.

धूर नको, हे मी शंभरदा ऐकलं होतं. पण धूर म्हणजे विडीचा, चुलीचा. धुरी म्हणजे काय धूर आहे? धुरी म्हणजे औषध! अशी माझी त्या वेळची अक्कल. घरी जाऊन धुपाटण्यात निखारे आणले, त्यावर ओवा, लसणीची सालं, वेखंडाचा तुकडा. करंडीशेजारी ठेवलं आणि वरून चादर ओढली. आत कोंडली पाहिजे ना नीट! वर मी गुणगुणतसुद्धा होते.

दोन मिनिटं झाली असतील. आतून करंडी खरवडल्याचा आवाज आला आणि एकदम थांबला.

मी चादर काढली. सुलतान मान वर ताणून बसला होता. नाकपुड्या फाकलेल्या, डोळे मोठे झालेले, आणि तोंड उघडं. दोन वर्षांत मी त्याचं तोंड उघडं कधी पाहिलं नव्हतं. उस्मानभाई एकदा म्हणाले होते, ससा तोंडानं श्वास घ्यायला लागला तर समजायचं, आता काही राहिलं नाही.

मी धुपाटणं उचलून गॅलरीतून पावसात फेकलं. सुलतानला पदरात घेऊन गॅलरीच्या दाराशी बसले. वाऱ्यावर, पण ओल लागणार नाही असं. तो हातात कापसाइतका हलका, आणि त्याचं काळीज माझ्या बोटांवर नुसतं फडफडत होतं. मी गणपतीला बोलले, मग घर कुणाचं ते आठवून अल्लालाही बोलले. म्हटलं, जो मोकळा असेल त्यानं यावं.

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरच उस्मानभाईंना वास आला असणार, कारण त्यांची पावलं थांबली. मग ते धावत वर आले. मी काही बोलायच्या आत त्यांनी करंडी पाहिली, फरशीवरची राख पाहिली, मला पाहिलं. हात धुतले, सुलतानला घेतलं, नाक पुसलं, मशीन लावलं, पुण्याला फोन केला. पलीकडून बाई सांगत होत्या तसं करत गेले. त्यांचा हात जरासुद्धा हलला नाही. क्रेनवरचा हात.

मी उंबऱ्याशी उभी. "जाऊ का?" विचारायची छाती नव्हती आणि थांबायचं तोंड नव्हतं.

शेवटी ते पेपर घेऊन बसले आणि वाचायला लागले. "माणगाव येथे गटार बांधकामाची निविदा..." आवाज अगदी रोजचा. संध्याकाळची बस एमआयडीसीकडून माणसं घेऊन आळीच्या तोंडाशी थांबली, गेली, तरी ते वाचत होते. सगळा पेपर संपला तेव्हा उलटा करून पहिल्यापासून. बऱ्याच वेळानं सुलतानचं तोंड मिटलं. आणखी बऱ्याच वेळानं उस्मानभाईंनी कोथिंबिरीची एक काडी त्याच्या नाकाशी धरली. त्यानं हुंगली. विचार केला. आणि एक पान ओढून घेतलं.

ते पान खाल्ल्याचा कुरकुर आवाज झाला आणि मी तिथंच मटकन बसून रडायला लागले. उस्मानभाई घाबरले. "ओ वहिनी, खातोय ना तो! बगा तरी! आता कशाला?"

पण मी सुलतानसाठी रडत नव्हते. त्या उघड्या तोंडात मला जुलेखा दिसली होती. जुलेखा म्हणजे उस्मानभाईंची बायको, माझी मैत्रीण. तिला दमा होता. उस्मानभाई कुवेतला, पोरगा लहान, आणि मी शेजारी, तिशीतली, तेव्हापासूनच सगळ्यातली शहाणी. पावसाळ्यात तिचा श्वास लागला की मीच दारं-खिडक्या लावून तिला धुरी द्यायची. तिच्या डोक्यावरून चादर घेऊन. ती आतून हात हलवायची, मी म्हणायची, "सोस जरा, सुटेल." भली बाई, सोसायची. पुढं कितीतरी वर्षांनी ती दवाखान्यात गेली, उस्मानभाईंना विमान मिळून ते येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. तिच्या जाण्याशी माझ्या धुरीचा संबंध नसेलही. पण ती हात हलवायची तो "अजून दे" म्हणून नव्हता, "पुरे" म्हणून होता, हे कळायला मला एक ससा लागला.

हे सगळं मी त्यांना सांगितलं. चादरीचं, हात हलवण्याचं, सगळं. कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर मी मान खाली घालून बसले आणि म्हटलं, आता हा माणूस मला जिना उतरायला सांगणार.

उस्मानभाईंनी मशीन बंद केलं. सुलतानवर फडकं नीट केलं. आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "धुरी द्यायला का होईना, वहिनी, तुमी तिच्या उशाशी होतात. मी तिकडनं फोनवर इतकंच विचारायचो, औषध घेतलंस ना गो?"